टर्बो बसवायचाय? आधी ईसीयूचं बोला

आजचा प्रश्न सांगलीच्या एका श्रोत्याकडून आलाय. त्याच्याकडे जुनी स्विफ्ट आहे, १.३ पेट्रोल, २००५ साली आलेलं ते पहिलं मॉडेल. भंगारातून टर्बो मिळतोय, मॅनिफोल्ड वेल्डिंगवाला बनवून देतोय. शेवटची ओळ अशी: "दादा, ईसीयू स्टॉकच ठेवला तर चालून जाईल ना?"

नाही चालणार. का नाही, आणि मग कमी पैशात काय करता येतं, एवढंच आज बोलू.

पण आधी कायद्याचं, कारण हे लोक शेवटी सांगतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायला मनाई आहे, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२-ए खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. विमा कंपनीला क्लेम नाकारायला कारण मिळतं ते वेगळंच. म्हणून मी पुढे जे सांगतोय ते ट्रॅकवर न्यायच्या गाडीसाठी. कोइम्बतूरला, चेन्नईजवळ ट्रॅक आहेत, गाडी टोचन करून न्या. रोज ऑफिसला जायची एकच गाडी असेल तर माझं स्पष्ट मत: ती विका आणि वापरलेली बलेनो आरएस किंवा पोलो टीएसआय बघा. कंपनीतूनच टर्बो, त्याला जुळणारा ईसीयू, आणि आरसी बुकात सगळं जुळतं.

बरं, आता इंजिनकडे.

तुमच्या स्विफ्टची ताकद ८७ हॉर्सपॉवर. ०.४ बार बूस्ट दिला तर ढोबळमानाने चाळीस टक्के हवा जास्त आत जाते. तेवढंच पेट्रोलही जास्त लागणार. आता ईसीयू हवा मोजतो मॅनिफोल्डमधल्या दाबाच्या सेन्सरवरून, मॅप सेन्सर म्हणतात तो. बिगर-टर्बो गाडीत हा सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच मोजायला केलेला असतो, कारण त्याच्या वर दाब जाणार हे कुणी धरलंच नव्हतं. टर्बोने दाब वाढवला की सेन्सर आपला शेवटचा आकडा दाखवून थांबतो. ईसीयू त्याच आकड्याचं पेट्रोल देतो, आणि ठिणगीही त्याच वेळेला पाडतो. म्हणजे मिश्रण कोरडं आणि ठिणगी लवकर. यातून नॉकिंग होतं. टर्बोच्या आवाजात ते ऐकूही येत नाही, आणि पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटला की मग कळतं. एक लांब चढ पुरतो.

दुसरी अडचण इंजेक्टरची. हे गणित कागदावर करून बघा. ६००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० फेऱ्या, एक फेरी १० मिलिसेकंदांची. चार स्ट्रोकला दोन फेऱ्या लागतात, म्हणजे एका सायकलला २० मिलिसेकंद. त्यातला साधारण ८५ टक्के वेळच इंजेक्टर भरवशाने उघडा राहू शकतो, म्हणजे १७. समजा, स्टॉक गाडीत तो १३ मिलिसेकंद उघडा राहतोय. चाळीस टक्के वाढवा, १८ च्या वर गेलं. संपला विषय, ईसीयू कितीही हुशार असला तरी. १२० हॉर्सपॉवर धरले तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला साधारण २३५ सीसीचा लागतो. पंपावर ई२० मिळतंय, इथेनॉलला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं, म्हणून आणखी आठ टक्के धरा. २५५ ते २६० सीसी.

आता पर्याय. सगळ्यात स्वस्त आणि जुना: बूस्ट वाढला की फ्युएल प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर. परदेशात नव्वदच्या दशकात माझदा मियाटासारख्या गाड्यांवर हा जुगाड खूप चालायचा. पण इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाने वाढतं. ३ बारचे ४ बार केले तरी जेमतेम पंधरा टक्के जास्त. शिवाय ठिणगीचं काय? तिला हा हातच लावत नाही. मी सुचवणार नाही.

मग पिगीबॅक. सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसणारा डबा. तो ईसीयूला खोटं सांगतो: मॅपचा आकडा बदलून, किंवा क्रँक सेन्सरचा सिग्नल थोडा उशिरा देऊन ठिणगी मागे ओढतो. वायरिंग कमी, एसी, मीटर, इमोबिलायझर सगळं जागच्या जागी. गंमत अशी की ईसीयूही गप्प बसत नाही. अर्ध्या थ्रॉटलला तो ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत असतो. डब्याने पेट्रोल वाढवलं की सेन्सर म्हणतो जास्त झालं, ईसीयू कमी करतो. आज केलेलं ट्यूनिंग पुढच्या आठवड्यात सरकलेलं असतं. ०.३ बारपर्यंत, स्वतः इंजेक्टर चालवू शकणारा पिगीबॅक असेल, तर ठीक. आणि हो, ‘पंचवीस हॉर्सपॉवर वाढवा’वाले तयार ट्यूनिंग बॉक्स कंपनी-टर्बो गाड्यांसाठी असतात. ते इथे कामाचे नाहीत.

रिमॅप, म्हणजे मूळ ईसीयूतलाच प्रोग्राम बदलणं, हा रोजच्या वापराला सगळ्यात सुखाचा मार्ग. सकाळचा थंड स्टार्ट, एसी लावल्यावरचं आयडल, हे कंपनीने जमवलेलं तसंच राहतं. जुन्या होंडांना हाँडाटा आहे, म्हणून तिथे हे सोपं जातं. तुमच्या ट्यूनरला एकच विचारा: या ईसीयूत १०० केपीएच्या वरचे रकाने तुला टाकता येतात का, आणि मोठा मॅप सेन्सर त्याला ओळखायला लावशील का? उत्तर गोलमोल आलं तर चहा पिऊन परत या.

उरला स्टँडअलोन. बजेटवाल्यांसाठी मोठी गोष्ट झाली ती मेगास्क्वर्टमुळे. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी तो साधारण २००१ मध्ये आणला, घरी सोल्डर करायचा ईसीयू. त्यानंतर आर्डुइनो मेगावर चालणारा स्पीडुइनो आला, सॉफ्टवेअर मोकळं, कुणीही वाचावं. सांगलीकरांना मी हाच सांगेन, पण एका युक्तीसह: मूळ ईसीयू काढू नका. त्याला एसी, पंखा, मीटर सांभाळू द्या. नव्याकडे फक्त इंजेक्टर आणि इग्निशन द्या, ३ बारच्या मॅप सेन्सरसकट. आपला थ्रॉटल केबलवर चालतो की इलेक्ट्रॉनिक, ते आधी बघा. केबल असेल तर निम्मी डोकेदुखी गेली. वेळ मात्र खाईल. क्रँक सेन्सरची पॅटर्न जुळवण्यात आणि थंड स्टार्ट बसवण्यात कित्येक शनिवार-रविवार जातात.

कुठलाही पर्याय घ्या, टर्बोच्याही आधी वाइडबँड सेन्सर विकत घ्या. बॉश एलएसयू ४.९ सर्रास वापरतात. गाडीतला साधा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण जास्त की कमी एवढंच सांगतो. किती, ते नाही. मीटरवर आकडा लॅम्डात ठेवा. १४.७ वगैरे जुने आकडे शुद्ध पेट्रोलचे, ई२० ला ते साडेतेराच्या आसपास येतात. लॅम्डा १ मात्र दोन्हीकडे १ च. फुल बूस्टला ०.८० च्या जवळपास हवा.

ठिणगीसाठी जुना ठोकताळा: दर पीएसआयला एक अंश मागे. ०.४ बार म्हणजे जवळजवळ सहा पीएसआय, म्हणून सहा अंश मागून सुरुवात करा, नंतर डायनोवर ट्यूनरच्या देखरेखीखाली थोडं थोडं परत द्या. बूस्ट ठरल्यापेक्षा ०.१ बारने जरी वर गेला तरी पेट्रोल आणि ठिणगी बंद होईल असा कट आधी लावा. वेस्टगेटची नळी निसटली तर तोच इंजिन वाचवतो.

सांगलीकर, पहिल्या रनचा लॉग पाठवा: आरपीएम, मॅप, लॅम्डा, ठिणगीचा अंश, इंजेक्टर किती टक्के उघडा. लॅम्डा ०.८८ च्या वर गेलेला दिसला तर दुसरा रन घेऊ नका, आधी फ्युएल पंप तपासा.