आपल्या वस्तीतले चित्रकार आणि शिष्यवृत्तीचा कागद
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीची माणसं घरी आली आणि म्हणाली, "गुरुजी, या वेळी राजकारणावर भाषण नको. तुम्ही चित्रकलेवर बोला." मी म्हटलं, बोलतो, पण तुम्हाला वाटतं तसं गोड बोलणार नाही. मी बत्तीस वर्षे शाळेत ड्रॉइंग शिकवलं. आपल्याकडे ड्रॉइंगच्या मास्तराला काय मान असतो ते तुम्हाला माहीत आहे. गणिताचा मास्तर रजेवर गेला की ड्रॉइंगचा तास त्याला. परीक्षा जवळ आली की ड्रॉइंगचा तास बंद. पण चौदा एप्रिल जवळ आली की सगळ्यांना पहिली आठवण आमची. "गुरुजी, स्टेजच्या पाठीमागं चैत्यभूमी पाहिजे, सहा बाय बारा फूट, परवापर्यंत."

तर त्या सहा बाय बारा फुटांपासूनच सुरुवात करतो. ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे त्यांना आठवत असेल, आपल्या गल्लीत जयंतीचे बॅनर कापडावर रंगवले जायचे. मांजरपाट ताणायचा, खळ लावायची, वर पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा आणि मग पेन्सिलीने चौकोन आखून बाबासाहेबांचा चेहरा मोठा करायचा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पोरं दिवा धरून उभी राहायची. त्या कामाची मजुरी किती? कधी दोनशे, कधी नुसता चहा-पाव आणि "समाजाचं काम आहे रे." नंतर फ्लेक्स आले. एका तासात छापून मिळतं, चेहरा हुबेहूब, शिवाय खाली शुभेच्छुकांचे पासष्ट फोटो. रंगवणारी पोरं एका-दोन वर्षांत घरी बसली. कोणी रिक्षा घेतली, कोणी वॉचमन झाला. फ्लेक्सला मी शिव्या देत नाही, स्वस्त वस्तू माणूस घेणारच. पण आपल्या वस्तीतली एक अख्खी कार्यशाळा बंद पडली आणि आपण तिच्यासाठी शोकसभासुद्धा घेतली नाही.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. अलिबागजवळ सासवणे नावाचं गाव आहे. तिथं गणपतीच्या मूर्ती करणाऱ्याचा एक मुलगा होता, विनायक करमरकर. त्याने गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. त्या वेळचा कुलाब्याचा कलेक्टर ऑटो रॉथफील्ड दौऱ्यावर आला असताना त्याची नजर त्या चित्रावर पडली. त्याने चौकशी केली आणि त्या मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घातलं. त्याच करमरकरांनी पुढे पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा केला, १९२८ साली. गोष्ट छान आहे. पण मी शाळेत ती सांगायचो तेव्हा माझ्या मनात दुसराच प्रश्न यायचा. कलेक्टर त्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने गेला असता तर? आणि देवळाच्या भिंतीपर्यंत ज्याला जाऊच देत नव्हते, अशा आपल्या पोरानं कुठल्या भिंतीवर चित्र काढायचं होतं?

साहेबाची नजर पडेल तेव्हा पडेल, तिच्यावर माणसाचं नशीब टांगून ठेवायचं नाही, म्हणून शिष्यवृत्ती पाहिजे. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी दिले. परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची असा करार लिहून घेतला. रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली, अट लिहिलेली. महाराजांनी शाल पांघरून फोटो काढून परत पाठवलं असतं तर कोलंबियाची फी कोणी भरली असती?

इथंच पुरस्कार आणि फेलोशिप यातला फरक सांगतो. पुरस्कार हा झालेल्या कामाबद्दल असतो. माणसानं आपल्या खर्चानं, उपाशी-तापाशी काम केलं की शेवटी आपण टाळ्या वाजवतो. फेलोशिप ही पुढं व्हायच्या कामासाठी असते. ती म्हणते, हे घे महिन्याचे पैसे, दोन वर्षे पोटाची काळजी थोडी बाजूला ठेव आणि काम कर. ज्याच्या घरी बापाची पेन्शन आहे त्याला पुरस्कार पुरतो. ज्याच्या घरी संध्याकाळची भाजी रोजच्या हजेरीवर येते त्याला फेलोशिप लागते.

पुरस्काराला कमी लेखू नका, बरं का. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची संस्था आहे. तिच्या वार्षिक प्रदर्शनात बक्षीस मिळालं की चित्रकाराचं नाव होतं. तरुणांसाठी तिची बेंद्रे-हुसेन यांच्या नावाची शिष्यवृत्तीही आहे. आपल्या कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन असतं, त्यात विद्यार्थ्यांचा विभाग वेगळा आणि व्यावसायिक कलाकारांचा वेगळा. दिल्लीला ललित कला अकादमी १९५४ मध्ये स्थापन झाली, तिचं राष्ट्रीय प्रदर्शन आणि राष्ट्रीय पुरस्कार आहेत. पण या सगळ्या दारांशी पोचायलाच पैसे लागतात. चित्राला फ्रेम पाहिजे, टेम्पो पाहिजे, कामाचे चांगले फोटो पाहिजेत. मी स्वतः तरुणपणी एका प्रदर्शनाला चित्र पाठवणार होतो. चित्र तयार होतं, फ्रेमला पैसे नव्हते. घरच्या खाटेच्या पाट्या काढून फ्रेम ठोकली. चित्र परत आलं आणि खाट मात्र मोडली ती मोडलीच. आमच्या सौभाग्यवती अजून ऐकवतात.

आता केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची योजना नीट ऐका, आयाबहिणींनी तर विशेष ऐका. तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय १८ ते २५. महिना ५,००० रुपये, दोन वर्षे. सहा-सहा महिन्यांच्या हप्त्याने पैसे येतात. देशभरात ४०० जणांना देण्याची तरतूद आहे, त्यात गाणारे, नाचणारे, नाटकवाले सगळे आले, आणि चित्र, शिल्प, छापचित्र, मातीकामही आलं. अट अशी की गुरूजवळ किंवा संस्थेत निदान पाच वर्षे शिकलेलं असावं. "गुरूजवळ किंवा संस्थेत" हे शब्द लक्षात ठेवा. कॉलेजचीच पदवी पाहिजे असं नाही. त्यानंतर २५ ते ४० वयासाठी ज्युनियर फेलोशिप आहे, महिना १०,०००, आणि चाळीसच्या वर सीनियर, महिना २०,०००. त्या दोन्हीही दोन वर्षांच्या, पण त्यांना कामाचा आराखडा लिहून द्यावा लागतो आणि सहा महिन्यांनी अहवाल. नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात वाचूनच फॉर्म भरायचा, माझ्या भाषणावर नाही.

मी मुद्दाम वयाचे आकडे सांगितले, कारण त्या आकड्यांनीच आपल्या एका मुलाचं नुकसान केलं. नाव घेत नाही, तो इथंच कुठंतरी मागं उभा असेल. कापडी बॅनर रंगवणाऱ्या शेवटच्या पोरांपैकी तो. हात असा की मी पाहत राहायचो. २०१२ साली मला या शिष्यवृत्तीची जाहिरात मिळाली, मी धावत त्याच्या घरी गेलो. सगळे कागद जमवले. मग दाखला उघडला, तर जन्मतारीख एक जून! तुमच्यापैकी किती जणांची एक जून आहे, हात वर करा. बघा, अर्धा विहार एक जूनला जन्मला! पोराला शाळेत लवकर बसवायचं म्हणून हेडमास्तरांनी अंदाजानं वर्ष टाकलं होतं. आई सांगते तो पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यातला. खऱ्या वयाने तो बसत होता, कागदावर पंचविशी उलटली होती. फॉर्म गेलाच नाही.

यात हेडमास्तरांचा दोष आहे तो आहे. पण माझा त्याहून मोठा आहे, आणि तो कबूल करायलाच मी आज उभा राहिलो. पंचविशी उलटली म्हणजे पुढच्या फेलोशिपचं दार उघडलं होतं! वरची पायरी आहे हे मला माहीतच नव्हतं. मी जाहिरातीचं एकच पान वाचलं होतं. मास्तर असून पूर्ण वाचलं नाही. तो कुरिअरच्या कामाला लागला. इतकी वर्षे गेली आणि आता कागदावरची त्याची चाळिशी अगदी जवळ आली आहे. चाळिशीनंतर सीनियर आहे असं तुम्ही म्हणाल. आहे, पण त्या रांगेत मोठी नावाजलेली माणसं असतात. आत्ता आहे ती संधी त्याची आहे.

आराखडा कसला द्यायचा, असं तो मला विचारतो. मी म्हटलं, तुझ्याजवळ जे आहे ते फ्लेक्सवाल्याजवळ नाही. आपल्या वस्त्यांतली हातानं रंगवलेली जयंती, म्हणजे ते बॅनर, भिंतीवरची अक्षरं, अशोकचक्रं, पंचशील झेंडे, याचं चित्रांतून दफ्तर तयार कर. त्यातलं बरंचसं पावसात गेलं, उरलेलं माणसांच्या डोक्यात आहे.

काही लोक म्हणतात, आपल्या चित्रकाराने फक्त बुद्ध आणि बाबासाहेब काढावेत. काढावेतच. पण नागपूरचे सवी सावरकर बघा. बडोद्याला शिकले, दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवलं, आणि गळ्यात मडकं अडकवलेला अस्पृश्य आणि देवदासी रंगवल्या. दिवाणखान्यात लावायला बरी वाटणारी चित्रं नाहीत ती. सुधारक ओलवे यांनी कॅमेरा घेतला आणि मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, गटारात उतरलेल्या माणसांचे. २००५ मध्ये त्यांना नॅशनल जिओग्राफिकचा ऑल रोड्स पुरस्कार मिळाला, २०१६ मध्ये पद्मश्री. आपल्या पोरींना आपल्या आईचे घासून घासून फाटलेले हात काढू द्या. त्याला अ श्रेणी नाही मिळाली तरी चालेल.

आता समितीसाठी दोन शब्द, रागावू नका. या वर्षापासून विहारातर्फे 'कलागौरव पुरस्कार' सुरू करायचं ठरतंय असं कळलं. शाल, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह. माझ्या घरी एकूण अकरा स्मृतिचिन्हं आहेत, त्यांच्यावर धूळ बसते. त्यापेक्षा त्याच पैशाचे बारा भाग करा. एका मुलाला किंवा मुलीला दरमहा थोडे थोडे द्या, रंग-कागदासाठी. वर्षाच्या शेवटी तिची चित्रं याच हॉलच्या भिंतीवर लावा आणि पुढच्या वर्षीचं नाव निवडा. निवड करणाऱ्यांत समितीच्या माणसाचा भाचा-पुतण्या उमेदवार असेल तर त्या माणसाने त्या दिवशी बाहेर चहा प्यावा. अट एकच ठेवा, पैसे वेळेवर. उशिरा आलेल्या पैशानं काय होतं ते मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे.

येत्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा मी विहाराच्या वाचनालयात बसणार आहे. सोबत कॉम्प्युटरवर फॉर्म भरणारी आपली दोन मुलं आहेत. येताना शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक आणि कामाचे फोटो आणावेत. फोटो मोबाइलवर काढलेले चालतील, पण उजेडात काढा आणि चित्रावर बोटाची सावली पडू देऊ नका. आणि ज्यांच्या घरी ट्रंकेत, माळ्यावर जुन्या जयंतीच्या मिरवणुकीचे फोटो असतील, मागं कापडी बॅनर दिसत असेल, त्यांनी तेही आणा. आम्ही लगेच त्यांचे फोटो काढून मूळ फोटो हातोहात परत देऊ. त्या मुलाच्या आराखड्याला ते जोडायचे आहेत. जयभीम.