पेपरमिंटचा हिशोब
(वर्धा जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर माझ्या आधीचे वक्ते बोलले आहेत. माझ्या वाट्याला पेपरमिंट आले आहे. हसू नका. गेल्या महिन्यात दोन गावांतून मला एकच प्रश्न आला. एकरी लाख रुपयांची हमी देणारा एजंट गावात आला आहे, पेपरमिंट लावावे का?

आपण लहानपणी दुकानातल्या कुठल्याही गोळीला पेपरमिंटच म्हणायचो. खरे पेपरमिंट म्हणजे पुदिन्याच्या दोन जातींचा संकर. इंग्लंडात जॉन रे नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने 1696 साली त्याची नोंद केली. पुढे लंडनजवळच्या मिचम गावात तेलासाठी त्याची शेती झाली. खेचराला पिलू होत नाही, तसे या झाडाला उगवणारे बी धरत नाही. जमिनीत सरपटणारे धुमारे तोडून लावावे लागतात. तेव्हा कोणी पेपरमिंटच्या बियाण्याचे पाकीट विकायला आला, तर त्याला ओसरीवरूनच परत पाठवा.

आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर पिकतो तो याचा भाऊबंद, जपानी पुदिना. 1950 नंतरच्या दशकात तो इकडे आला. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने त्याचे सुधारित वाण काढले आणि उत्तर प्रदेशात बाराबंकी, बदायूं, संभल, रामपूर भागात तो पसरला. तिकडचे शेतकरी त्याला मेंथा म्हणतात. पाला वाफेवर उकळून तेल काढतात. तेल थंड केले की पांढरे खडे धरतात, तेच मेंथॉल. किराणा दुकानात आपण पुदिन्याचे फूल म्हणून मागतो ते हेच. नाव फुलाचे, पण फुलाशी त्याचा संबंध नाही.

पुदिन्याचे फूल, ओव्याचे फूल आणि कापूर बाटलीत एकत्र ठेवले की तिन्ही कोरड्या वस्तूंचे आपोआप पाणी होते. ती अमृतधारा. लाहोरच्या पंडित ठाकुरदत्त शर्मांनी 1901 साली ती बाजारात आणली. बाम, दंतमंजन, खोकल्याची गोळी, पान, सगळीकडे मेंथॉल आहे. ते अंगाला थंड करत नाही. थंडी ओळखणाऱ्या नसेला ते फसवते, एवढेच. ती नस कशी फसते हे शास्त्रज्ञांना 2002 साली नेमके कळले.

मायबहिणींनो, हे लक्षात ठेवा. मे महिन्यात उन्हात कोणी भोवळ येऊन पडले, तर कपाळाला बाम चोळून गार वाटेल, ताप उतरणार नाही. सावलीत घ्या, अंग ओले करा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. आणि तान्ह्या बाळाच्या नाकाला मेंथॉल कधीही लावू नका, श्वास अडकतो.

आता एजंटाच्या लाखाकडे येऊ. तिकडच्या कसलेल्या शेतकऱ्यालाही एकरी पन्नास-साठ किलो तेल निघते. लाखाला भाग द्या. किलोला सतराशे ते दोन हजार भाव हवा. तसा भाव 2012 साली होता. 2014 पर्यंत तो निम्म्याच्याही खाली आला. तेल कमी पिकले की भाव चढतो, भाव चढला की सगळे मेंथा लावतात. शिवाय मेंथॉल आता कारखान्यात रसायनांपासूनही बनते. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने 2012 सालीच त्याचा कारखाना सुरू केला. त्या कारखान्याला पाऊस लागत नाही.

पिकाला मात्र पाणी लागते, आणि तेही नेमके फेब्रुवारीपासून जूनपर्यंत. तराईत जमिनीखाली हाताशी पाणी आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये किती विहिरी चालतात, हे तुम्हीच मला सांगा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तो 2012 चा भाव पाहून मी, कृषी पदवीधर, तेव्हा नोकरीत होतो, एका शेतकऱ्याला एक एकर लावायला सांगितले. रोपे एजंटाकडून आली. तेल काढायची टाकीही तोच आणणार होता. एप्रिल संपता संपता विहीर तळाला गेली. अर्धे रान वाळले, उरलेला पाला कापून बांधावर पडला. टाकी आली नाही आणि एजंटही आला नाही. त्या माणसाने मला एक शब्दही वाईट बोलला नाही. म्हणाला, "साहेब, त्या वावरात हरभरा तरी झाला असता." त्या पैशांपैकी माझा एक रुपयाही गेला नव्हता.

म्हणून एजंटाला तीन गोष्टी विचारा. टाकी कुठे आहे? तेल कोण घेणार आणि कोणत्या भावाने, हे कागदावर लिहून देतोस का? आणि माझी विहीर मे महिन्यात येऊन पाहिलीस का?

घरापुरता पुदिना मात्र जरूर लावा. हातपंपाच्या, न्हाणीच्या सांडपाण्यावर दोन हात जागा पुरते. राख-साबणाचे पाणी तेवढे दुसरीकडे वळवा. भाकरीबरोबर चटणी होते, ताकात चुरडता येतो, पोट फुगले तर पाने उकळून पाणी पिता येते. माझ्या घरच्या पुदिन्याच्या काड्या ओल्या पोत्यात गुंडाळून आणल्या आहेत. पोते मंडपाच्या मागच्या खांबाशी ठेवले आहे. जाताना घेऊन जा, आणि ऊन उतरल्यावरच लावा.