पाणी लहान होत नाही



गेल्या तीन संध्याकाळी या मांडवात संतवाङ्मय झालं, सहकार झाला, काल मधुमेह झाला. आज माझी बोट. वाचनालयाच्या कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "गस्तीनौकांच्या चालत्या प्रतिकृती." त्यांनी वहीत लिहिलं, "खेळण्यातल्या बोटी." मी दुरुस्त केलं नाही. बोईसरच्या एमआयडीसीत लेथवर तीस वर्षं काढलेल्या माणसाने निवृत्तीनंतर बावखलीच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावर रिमोट घेऊन उभं राहायचं, याला दुसरं नाव काय देणार!

टेबलावर फडक्याखाली जी आहे ती बरोबर एक मीटर लांब आहे. जिच्यावरून ती केली ती पंचवीस मीटरची. नौदलाची टी-८०, इस्रायलच्या सुपर ड्व्होरा मार्क-२ जातीची. तिची जुळी बहीण टी-८१ गोवा शिपयार्डने इस्रायलच्या रामता कंपनीच्या साहाय्याने बांधली. ती ५ जून १९९९ ला नौदलात आली आणि २८ जानेवारी २०२० ला मुंबईत निवृत्त झाली. लांबी २५ मीटर, वजन ६० टन, वेग ४५ नॉट, म्हणजे ताशी ८३ किलोमीटर. आपल्या पालघर-बोईसर रस्त्यावर कुणी या वेगाने गेला तर आपण त्याच्या आईबापांची चौकशी करतो. उथळ पाण्यात घुसखोर बोटीचा पाठलाग करायचा, टेहळणी करायची, गरज पडली तर मरीन कमांडोंना किनाऱ्यावर उतरवायचं, यासाठी ही जात.

टी-८० च का, याचं कारण साधं आहे. निवृत्तीनंतर तिला कल्याणला दुर्गाडी किल्ल्याजवळ खाडीकाठी आणून ठेवली. प्रतिकृती करणाऱ्याचं खरं दुखणं असं असतं की बोटीचे फोटो मिळतात ते पाण्यावरचे. तोफ दिसते, रडार दिसतं, झेंडा दिसतो. बोट पळते ती ज्याच्या जोरावर, तो तळ मात्र कायम पाण्याखाली. तीच बोट जमिनीवर आली की मग नाळेपासून मागच्या फळीपर्यंत तळाचा उतार कसा बदलत जातो ते डोळ्यांनी पाहता येतं. पुढे वस्तऱ्यासारखा उभा, मागे जवळजवळ ताटासारखा सपाट. मी रस्त्याच्या कडेने तासभर नुसता बघत उभा होतो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर येतेय. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची गलबतं बांधायला सुरुवात केली ती याच खाडीत. तीही उथळ पाण्यातली, हलकी, वल्ह्यांवर पळणारी.

आता मुद्द्यावर येतो. बोट पंचवीसपट लहान करायची म्हणजे काय करायचं? लांबी पंचवीसपट कमी, रुंदी पंचवीसपट कमी, खोली पंचवीसपट कमी. मग वजन? इथे भलेभले चुकतात. वजन पंचवीसचा घन करून भागायचं, म्हणजे १५,६२५ ने. ६० टन भागिले १५,६२५ बरोबर ३ किलो ८४० ग्रॅम. हा आकडा मी माझ्या कामाच्या खोलीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे. देवाच्या फोटोच्या खाली, पण देवापेक्षा मोठा.

आणि वेग? तो पंचवीसने भागायचा नाही. पंचवीसचं वर्गमूळ पाच, म्हणून पाचाने भागायचा. ४५ नॉटचे ९ नॉट, ताशी साडेसोळा किलोमीटरच्या वर. हा नियम विल्यम फ्राउड नावाच्या इंग्रज अभियंत्याचा. दीडशे वर्षांपूर्वी त्याने मेणाच्या छोट्या बोटी करून त्या हौदातून दोरीने ओढल्या. इंग्लंडमध्ये टॉर्कीला १८७२ मध्ये त्याने बांधलेला हौद हा जगातल्या अशा हौदांचा मूळपुरुष. आज आपल्या विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेत ५०० मीटर लांबीचा हौद आहे, तिथेही मूळ नियम हाच. फ्राउडने पाहिलं की मोठी बोट आणि छोटी बोट पाण्यात सारख्याच आकाराची लाट उठवतील असा वेग शोधला, तर तो लांबीच्या वर्गमूळाप्रमाणे बदलतो. बोट आपण लहान केली, पण पाणी लहान होत नाही, गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. त्यांच्याशी जुळवून घ्यायचं ते बोटीने.

याचा एक गमतीचा परिणाम सांगतो. काळसुद्धा पाचपट आखडतो. खरी बोट तीन सेकंदांत एकदा डुलत असेल तर माझी अर्ध्या-पाऊण सेकंदातच डुलते. म्हणून प्रतिकृतीचं चित्रण बघताना ती खेळण्यासारखी थडथडते. मोबाईलवर चित्रण पाचपट मंद करून बघा, तीच बोट एकदम साठ टनांची दिसायला लागते. नातवाने हे मला दाखवलं तेव्हा अंगावर काटा आला. तेच पाणी, तीच बावखल, मागे आमचीच केळ, आणि त्यातून नौदलाची बोट निघाली आहे! त्यात शेजारच्यांची म्हैस पाण्यात उतरली. तिने उठवलेली चार सेंटिमीटरची लाट म्हणजे माझ्या बोटीच्या हिशेबाने मीटरभर उंचीचा समुद्र.

सातपाटीची माणसं इथे बसली आहेत, त्यांना एक गोष्ट आधीच माहीत आहे. तुमच्या मचव्यात कितीही मोठं इंजिन घाला, आठ-साडेआठ नॉटच्या पुढे जायला तो कुरकुरतो. तेल दुप्पट जळतं, बोट तेवढीच. कारण मचवा पाणी बाजूला सारत जातो, आणि एका वेगाला त्याने स्वतःच केलेली लाट त्याच्याइतकीच लांब होते. मग तो स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात बसतो. पाण्याजवळची लांबी बारा मीटर धरली तर ही मर्यादा साधारण साडेआठ नॉटला येते. पंचवीस मीटरच्या बोटीला बारा नॉट. टी-८० मात्र पंचेचाळीसला जायची. ती खळग्यातून वर चढायची आणि पाण्यावरून घसरत जायची. तळ पाण्याला खाली दाबतो, पाणी तळाला वर उचलतं. लहानपणी आपण सगळ्यांनी चपटी ठिकरी पाण्यावरून भिरकावली आहे. तीच विद्या. फक्त ठिकरी जड असली तर पहिल्याच उडीत बुडते.

माझी पहिली बोट जड होती. प्लायवुड, वर पुट्टी, वर तीन हात रंग. शिवाय माझे मेहुणे चिंचणीचे, डायमेकर. दागिन्यांचे ठसे कोरणाऱ्या माणसाचा हात काय असतो हे चिंचणी-वरोर-वाणगाव पट्ट्यात सांगायला नको. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत पान-फूल काढतात. त्यांनी मला पितळेचा कठडा करून दिला, शिडी दिली, रडारचा खांब दिला, वीस मिलिमीटरची तोफ दिली. तोफेच्या नळीला आतून भोक! "भाऊजी, बघणाऱ्याने वाकून बघितलं तर?" म्हणाले. मी सगळं बसवलं. काट्यावर ठेवली, ५ किलो ९०० ग्रॅम.

बावखलीत सोडली. नाक आभाळाकडे, शेपूट पाण्यात, आणि मागे नांगरल्यासारखी लाट. खळग्यातून वर चढेचना. मी जोर वाढवला आणि वळवली. पितळ सगळं वरच्या मजल्यावर. वळणावर ती सावकाश, अगदी अदबीने, आडवी झाली आणि उलटली. सून काठावर धुणं वाळत घालत होती. तिने हातातलं पातळ खाली ठेवलं, पण हसली नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

दुसऱ्या बोटीला मी मोजूनच हात घातला. साचा केला पांगाऱ्याचा. हे लाकूड आमच्या वाडीच्या कुंपणातलंच, हलकं, कानशीला लोण्यासारखं. सावंतवाडीच्या खेळण्यांनाही जुनी मंडळी पांगारा वापरत. त्या साच्यावर फायबरग्लासचं कापड आणि रेझिन, असं करत तळ उचलला ६२० ग्रॅमचा. हे काम पावसाळ्यात कधी करू नका. आपल्या इथे आषाढात मीठ वितळतं तसं रेझिन चिकट राहतं, आठ दिवस झाले तरी बोटाला लागतं. माझा एक आख्खा तळ असा वाया गेला. तो आता कोंबड्यांना पाणी प्यायला ठेवला आहे.

पुढे अडलं ते ताकदीपाशी. खऱ्या बोटीची दोन्ही डिझेल इंजिनं मिळून चार-साडेचार हजार अश्वशक्ती. ती पंचवीसपट लहान बोटीच्या हिशेबात आणली तर जवळपास चाळीस वॉट उरतात. आपल्या ओट्यावरचा जुना पिवळा बल्ब! मी तेवढ्या भरवशावर दोन लहान मोटरी घेतल्या. बोट हलली, पण उठली नाही. मीटर लावून पाहिलं तर उठायला नव्वदच्या वर वॉट लागत होते. फ्राउडलाही हे ठाऊक होतं. लाटेचा विरोध त्याच्या नियमाने लहान होतो, पण पाण्याचं अंगाला घासणं त्या प्रमाणात कमी होत नाही. छोट्या बोटीला पाणी जास्त चिकट लागतं. छोटा पंखाही मोठ्यापेक्षा आळशी. म्हणून मोठ्या मोटरी आल्या, त्यांना मोठी बॅटरी आली, आणि भिंतीवरचा आकडा पुन्हा माझ्याकडे बघायला लागला.

या बोटीच्या पंख्यांची एक खुबी आहे. ते तळाखाली नसतात, मागच्या फळीच्या बाहेर असतात, आणि वेगात अर्धे पाण्यात, अर्धे हवेत फिरतात. मागे पाण्याचा जो तुरा उडतो तो त्यांचा. उथळ पाण्यात तळाखाली लोंबणारं काही नको, हा त्यातला फायदा. तटरक्षक दलासाठी आपल्या वरच्या अंगाला, हजिऱ्याला, एल अँड टीने ज्या ५४ इंटरसेप्टर बोटी बांधल्या, त्यांनी दुसरी वाट धरली. त्या पाणी आत ओढून मागे फेकतात, पंखा बाहेर दिसतच नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर या किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी आली, गस्तीच्या बोटी आल्या, खलाशांना ओळखपत्रं आली. समुद्रात जाणाऱ्यांना या बोटी फार जवळून माहीत आहेत. कागद दाखवण्याइतक्या जवळून.

मोटरी, बॅटरी, पंखे, एवढं सगळं करूनही माझी बोट नाचायची. वेग घेतला की नाक वर, खाली, वर, खाली, बेडकासारखी. चार महिने मी तळ घासत बसलो. मग एक दिवस सातपाटीचे आमचे एक तांडेल पानं न्यायला वाडीत आले. वय सत्तरच्या पुढे. काठावर उकिडवे बसून त्यांनी दोन फेऱ्या पाहिल्या आणि विचारलं, "बर्फ कुठल्या खणात भरलास?" मी म्हटलं, बर्फ कुठला, खेळण्यातली बोट आहे. म्हणाले, "काहीतरी जड भरलं असशील ना? ते मागे गेलंय." बॅटरी! मी ती झाकण उघडायला सोपी म्हणून अगदी मागे ठेवली होती. बोटभर पुढे घेतली. नाच कमी झाला. आणखी दोन बोटं घेतली. बोट एकदम सपाट झाली, मागे तुरा उडाला, आणि पाणी फाटल्याचा आवाज आला, कोरं कापड टर्रकन फाडल्यासारखा. तांडेल उठले, पानांचा भारा खांद्यावर घेतला आणि निघून गेले. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. आयुष्यभर बर्फ, मासळी आणि तेल कुठल्या खणात किती, हेच बघत आलेला माणूस.

मुलं नेहमी विचारतात, म्हणून १९७१ च्या युद्धाचं थोडं सांगतो. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या तीन मिसाईल बोटी याच वेगवान घराण्यातल्या, पण थोरल्या. साधारण ३९ मीटर लांब, दोनशे टनांच्या आसपास. त्या बांधल्या होत्या स्वतःच्या किनाऱ्याच्या राखणीसाठी. लांब जाण्याइतकं तेल त्यांच्यात मावत नव्हतं, म्हणून वाटेत मोठ्या जहाजांनी त्या ओढून नेल्या. पाकिस्तानची खैबर बुडाली, मुहाफिज बुडाली, आणि ४ डिसेंबर नौदल दिन झाला. मला त्यात सगळ्यात आवडतं ते ओढून नेणं. बोटीत काय मावत नाही हे ज्याला नेमकं ठाऊक होतं, त्यालाच ते सुचलं. माझी पुढची बोट तीच आहे. छत्तीसपट लहान केली तर मीटरच्या जरा वर भरते, वजन साडेचार किलोच्या आत ठेवावं लागेल. तिच्यावर क्षेपणास्त्रांच्या चार मोठ्या पेट्या, म्हणजे पुन्हा वजन वरच्या मजल्यावर. मेहुण्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता फडकं काढतो. पुढच्या मुलांनी हात लावू नका, पंख्याची धार खरी आहे. उद्या सकाळी साडेसहाला आमच्या बावखलीवर सोडणार आहे, वारा सुटायच्या आत या.

आज दुपारी इथे येण्यापूर्वी पुन्हा काट्यावर ठेवली. ३ किलो ९०० ग्रॅम. साठ ग्रॅम जास्त. कठडा मी तारेचा केला, शिडी प्लास्टिकची केली, रडारचा खांब पोकळ केला, रंगसुद्धा एकच हात दिला. ते साठ ग्रॅम कुठे आहेत हे मला चांगलं माहीत आहे. ही पुढची तोफ. पितळेची आहे, नळीला आतून भोक आहे, वाकून बघा. ती मी काढणार नाही.