आमचे सीमोल्लंघन
(ज्ञातिमंडळाच्या तुळजापूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



व्यासपीठावरून बोलणे हा आमचा व्यवसाय नव्हे. लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये २६ वर्षे आम्ही दुसऱ्यांचे निरोप बिनचूक पोहोचविण्याचे काम केले. आज कार्यकारिणीच्या आग्रहास्तव स्वतःचा एक निरोप आपणांपुढे ठेवावयाचा आहे. तो पोहोचविण्यास आम्हांस उशीर झाला, हे आरंभीच कबूल करतो.

आपण तुळजापूरकर भाग्यवान. आपली कुलस्वामिनी दसऱ्याच्या पहाटे गाभाऱ्यातून निघून नगरकडून आलेल्या पालखीत बसते, सीमोल्लंघन करते आणि मग पौर्णिमेपर्यंत पलंगावर विसावते. लहानपणी गर्दीत वडिलांच्या खांद्यावर बसून आम्ही तो सोहळा पाहिला आहे. वडिलांचे शिवणकामाचे दुकान मंदिराच्या वाटेवर होते. शाळकरी मुलांचे गणवेश आणि बायकांच्या चोळ्या शिवण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांचे स्वतःचे सीमोल्लंघन म्हणजे आषाढीस पंढरपूर आणि कापड आणावयास सोलापूर, एवढेच.

१९७८ साली आम्ही भरती होऊन जबलपूरच्या प्रशिक्षण केंद्रात गेलो. गावास तेव्हा रेल्वे नव्हतीच, एस. टी. ने सोलापूर गाठावयाचे आणि तिथे गाडीत बसावयाचे. काळी पत्र्याची ट्रंक, होल्डॉल आणि हातात रेल्वे वॉरंट, असा आमचा संसार पुढे देशभर हिंडला.

तवांगच्या बदलीत से ला खिंड ओलांडली. उंची सुमारे १३,७०० फूट. बालाघाटाच्या डोंगरालाच डोंगर समजणाऱ्या आम्हांस तिथे चार पावले टाकताच धाप लागली. खिंडीच्या पलीकडे जसवंतगढ येथे १९६२ च्या युद्धात धारातीर्थी पडलेले रायफलमन जसवंतसिंग रावत यांचे स्मारक आहे. तेथे माथा टेकल्याशिवाय पलटणीची गाडी सहसा पुढे जात नसे. पुढे जैसलमेरच्या वाळवंटात तनोट मातेचे दर्शन घडले. १९६५ च्या युद्धात मंदिराच्या परिसरात पडूनही न फुटलेले तोफगोळे तेथे जपून ठेवले आहेत. तेथील आरती सीमा सुरक्षा दलाचे जवान करतात. ती ऐकताना डोळे मिटले की आपण गोमुखाच्या पायऱ्या उतरत आहोत, असा भास होई.

परंतु आपल्या ज्ञातीच्या दृष्टीने सांगण्याजोगी गोष्ट पंजाबातील आहे. १९९६ मध्ये आम्ही पठाणकोटास होतो. आमच्या तुकडीतील एका शीख हवालदाराने एकदा सहज विचारले, "आपले घराणे कोणते काम करते?" आम्ही शिवणकामाचे सांगताच तो उठून उभा राहिला व म्हणाला, "मग आपण बाबा नामदेवांचे!" गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, हे आम्हांस त्याच्या तोंडून कळले. पंजाबातील छिंबा समाजही शिवणकाम आणि कापडावरील छपाईचे काम करतो व नामदेवांस आपले मानतो. त्याच्याचबरोबर माघातील जत्रेस आम्ही गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमानास गेलो. नामदेवांनी आपल्या आयुष्याची अनेक वर्षे तेथे काढली, अशी परंपरा आहे. ते तेथेच समाधिस्थ झाले, असे घुमानकर सांगतात. आपण पंढरपूरची पायरी दाखवितो. या वादात आम्ही पडत नाही. दोन प्रांतांना जो आपला वाटतो, त्याच्या ज्ञातीत आपण जन्मलो, याचाच आनंद त्या दिवशी मनात मावत नव्हता.

ही हकीकत आम्ही आंतर्देशीय पत्रात वडिलांस कळविली. ते पत्र त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकास वाचून दाखविले, असे आईने पुढे सांगितले. उत्तरात एकच मागणी होती : "मला एकदा तिथं ने."

इ. स. २००० च्या उन्हाळ्यात आम्ही अंबाल्यास होतो. क्वार्टर मिळाले होते, आई-वडील नातवंडांस भेटावयास आले होते. दहा दिवसांची रजा हाती होती. अंबाल्याहून घुमान एका दिवसाची वाट. पण मुलांनी सिमल्याचा हट्ट धरला. आम्ही वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, "पोरांना हिमालय दाव. घुमान कुठं पळून चाललंय?" आम्ही तो शब्द सोयीचा म्हणून उचलला. कालक्याच्या छोट्या गाडीत मुलांनी १०२ बोगदे मोजले. वडील खिडकीशी बसून होते. काय पाहत होते, ते आम्ही विचारले नाही.

पुढील वर्षी डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि सैन्य सीमेकडे निघाले. आम्ही राजस्थानच्या सरहद्दीवर गेलो. रजा बंद झाल्या. २००२ च्या जूनमध्ये वडील गेले. निरोप आमच्याच यंत्रावर आला. सुट्टी मिळाली, पण घरी पोहोचलो तो तिसरा दिवस होता. दोष लष्कराचा नव्हे, रजेचाही नव्हे. ती हाती होती तेव्हा आम्ही दुसरीकडे खर्च केली.

सैन्य माघारी आल्यावर २००३ च्या जानेवारीत आईस घेऊन निघालो. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, पुढे अमृतसर, आणि बटाल्यावरून बसने घुमान. नऊवारीवर आमचा लष्करी कोट घातलेली आई लंगरच्या पंगतीत बसली. शेजारच्या बायकांची पंजाबी तिला कळेना, तिची मराठी त्यांना कळेना. ती "नामदेव" म्हणाली, त्यांनी हात जोडले. ती "पंढरपूर" म्हणाली, त्यांनी तिचे हात धरले. दर्शनाच्या वेळी तिने पदराची गाठ सोडली. आत वडिलांचे अंगुस्तान होते. ते तिने उंबऱ्यास लावले आणि पुन्हा गाठीत बांधले. "इथं नाही ठेवायचं, मशीनवर ठेवू," असे म्हणाली. परतताना गाडी अंबाल्यास थांबली. स्टेशनाची पाटी पाहून तिने विचारले, "आपण राहिलो होतो ते हेच ना रे? इथनं एवढाच रस्ता होता?"

त्या प्रश्नास आम्ही आजवर उत्तर देऊ शकलो नाही.

बंधुभगिनींनो, २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानास भरले आणि त्या गावाचे नाव महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचले. तेव्हा वाटले, आज वडील असते तर वर्तमानपत्राचे ते पान दुकानात लावून ठेवले असते.

आमची मंडळास नम्र सूचना आहे. दरवर्षी ज्ञातीतील वृद्धांस घेऊन एक यात्रा काढावी : एक वर्ष नरसी, एक वर्ष पंढरपूर, आणि जमेल तेव्हा घुमान. आपली जी मुले लष्करात, रेल्वेत वा परदेशी नोकरीत आहेत, त्यांनी पाहिलेल्या स्थळांची हकीकत या स्मरणिकेसाठी लिहून पाठवावी. हुकमाने झालेला प्रवास देश दाखवितो. पण आई-बापांस बरोबर घेतल्यावाचून तो देश घरात येत नाही.

वडिलांचे अंगुस्तान त्यांच्या मशीनवर आहे. मशीन आता आमचा पुतण्या चालवितो. देवीच्या दर्शनास याल तेव्हा दुकानात अवश्य यावे.

 जय हिंद.