जास्तीची तार

बँकेत, दवाखान्यात, आपल्या संगणक केंद्रातही संगणकांच्या तारा एका डबीत येतात. तिला स्विच म्हणतात. एक तार तुटली तरी काम अडू नये, म्हणून मोठ्या ठिकाणी दोन स्विचमध्ये जास्तीची तार टाकतात. पण त्यामुळे तारांचा फेरा तयार होतो. सगळ्यांसाठी धाडलेला निरोप त्यात गोल गोल फिरत राहतो. असे निरोप साचत गेले की सगळंच काम ठप्प होतं.

यावर १९८५ साली उपाय शोधला तो एका बाईनं, अमेरिकेतल्या रेडिया पर्लमन यांनी. त्यांच्या पद्धतीत स्विच आपसात एकाला मुख्य ठरवतात. त्याच्यापर्यंतची एकच वाट चालू ठेवतात, जास्तीची बंद. चालू वाट तुटली की बंद वाट आपोआप उघडते.

स्वस्तातल्या लहान स्विचमध्ये बहुधा ही सोय नसते. म्हणून आपण एकाच तारेची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचायची नाहीत. अचानक सगळे संगणक अडले, स्विचचे दिवे एकसारखे लुकलुकू लागले, तर शेवटी लावलेली तार आधी काढून बघूया. मोठ्या कार्यालयातली जास्तीची तार मात्र बिनकामाची समजून उपटायची नाही. अडल्या वेळी तीच उपयोगी पडते.