जुना संगणक सुरू होत नसेल तर



शाळेच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला संगणक पुष्कळदा निकामी झालेला नसतो. तो कोठे अडला, हे कोणी पाहिलेले नसते. ज्या मुलांच्या घरी संगणक नाही, त्यांची त्या यंत्राशी होणारी ओळख मात्र तेथेच खुंटते.

गणित चुकलेल्या मुलाला चांगला शिक्षक एकदम नापास करीत नाही. तो कोणत्या पायरीवर चुकला, ते शोधतो. संगणकाच्या बाबतीतही तेच करावे. १९८१ साली आयबीएम कंपनीने वैयक्तिक संगणक बाजारात आणला, त्यातही कळ दाबताच यंत्र प्रथम स्वतःची तपासणी करी आणि मग डिस्कवरील कार्यप्रणालीकडे वळे. हा क्रम पुढेही टिकला. शोधही याच क्रमाने घ्यावा.

पहिली पायरी विजेची. दिवा लागत नसेल, पंखा फिरत नसेल, तर त्याच सॉकेटात दुसरे उपकरण लावून पाहावे. वायर घट्ट बसली आहे काय, कॅबिनेटच्या मागील बटण चालू आहे काय, हे तपासावे.

दुसरी पायरी आत्मतपासणीची. पंखा फिरतो, पण पडदा काळा राहतो, अशा वेळी प्रथम मॉनिटरची वीज व केबल पाहावी. ‘बीप’ असे आवाज येत असल्यास ते मोजून लिहून ठेवावेत. त्यांचा अर्थ कंपनीनुसार बदलतो. रॅमच्या पट्टीवर धूळ वा मळ बसणे हे नेहमीचे कारण होय. प्लग काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज घालवावी. मग पट्टी काढावी, तिच्या सोनेरी कडा मऊ खोडरबराने हलकेच पुसाव्यात, कण झटकावेत आणि खटका बसेपर्यंत ती पुन्हा बसवावी.

प्रत्येक वेळी तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. बहुधा ती ३ व्होल्टची ‘सीआर २०३२’ असते. ती बदलून तारीख व वेळ पुन्हा भरावी.

तिसरी पायरी डिस्कची. कार्यप्रणाली सापडत नाही असा संदेश आल्यास आधी पेनड्राइव्ह व सीडी काढून पाहावी. मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा कळ दाबू नये. निकालपत्रके व हजेरीची माहिती तिच्यातच असते. यंत्र बंद ठेवून ती माहिती जाणकाराकडून आधी उतरवून घ्यावी.

दोन नियम कधीही मोडू नयेत. वीजपुरवठ्याची पेटी उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात घातक विद्युतभार उरतो. आणि एका वेळी एकच बदल करून तो वहीत नोंदवावा. नाही तर यंत्र कशाने चालू झाले, हे कळत नाही.

हे काम मुलांच्या देखत व्हावे. गुरुजी मोजतात, लिहितात, चुकतात आणि पुन्हा पाहतात, हे ज्या मुलांनी पाहिले, त्यांना यंत्राची भीती वाटत नाही. यंत्र सुरू झाले नाही, तरी तेवढा पाठ वाया जात नाही.