गैरहजर मुलगी कुठे असते?

सकाळी आपण बायकांच्या बिनमोल श्रमांबद्दल बोललो. 'बिनमोल' हा शब्द मला खटकतोच. मोल आहे, ते कुणी देत नाही एवढंच. या श्रमांतला जो वाटा लहान मुलींवर पडतो, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

मी काम करते त्या वस्तीत सहावीतली एक मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळेत जात नसे. हजेरीपटात शेरा होता : 'अनियमित. पालक उदासीन.' घरी गेले, तर वडील नाहीत, आईला क्षयरोग, धाकटा भाऊ तीन वर्षांचा. पोरगी पाणी भरून, भात टाकून, आईला गोळ्या देऊन बसलेली. आई उदासीन नव्हती, तिला उठवत नव्हतं. उपचाराच्या कार्डावर आईचं नाव होतं. गोळ्या देणारीचं नाव मात्र कुठेच नव्हतं. शेजारणी म्हणत, "किती गुणाची पोर!"

इंग्लंडमध्ये अशा मुलांना 'यंग केअरर' म्हणतात. 2023 पासून तिथल्या शाळांच्या सरकारी गणनेत त्यांची वेगळी नोंद होते. पहिल्या वर्षी सुमारे 39 हजार मुलं नोंदली गेली, आणि पाचांपैकी जवळजवळ चार शाळांनी 'एकही नाही' असं कळवलं. 2021च्या जनगणनेत मात्र तिथे 5 ते 17 वयाची अशी सुमारे 1 लाख 20 हजार मुलं सापडली होती. म्हणजे रकाना छापला तरी विचारणारं माणूस लागतं.

आपल्या हजेरीपटात तर रकानाही नाही. 2016च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीचा कायदा शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाला मदत करायला मुभा देतो. शाळेच्या वेळातच करावी लागली तर बघायला कोण येतं? बालसंगोपन योजनेत पालकाच्या गंभीर आजारामुळे मुलाला मदत मिळू शकते. पण शुश्रूषा तेच मूल करतंय का, हा तिचा निकष नाही.

माझी एक चूक सांगते. पहिल्याच भेटीत मी वही काढून लिहायला बसले. आईला वाटलं, ही पोरीला बालगृहात नेणार. पंधरा दिवस तिने दार उघडलं नाही. तेव्हा आधी यादी आणि मग कधीतरी मदत, असं करू नका. आणि "घरी काम करतेस का?" असंही विचारू नका, मुली 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते काम नसतंच. "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस?" असं विचारा. मुलग्यांनाही विचारा. लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या बापाचं सगळं करणारा आठवीतला एक मुलगा वर्गात सांगायचा, क्रिकेट खेळायला गेलो होतो.

त्या मुलीच्या भावाला आम्ही अंगणवाडीत घातलं. गोळ्या द्यायला आशाताई सकाळी स्वतः येऊ लागली. आता मुलीचा आठवड्यातून एखादाच दिवस बुडतो. नळाला पाणी दहा वाजता येतं, ती वेळ आम्हाला अजून बदलून घेता आलेली नाही.